धार काढणारे हात आणि दगडीचे दिवस
(दूध उत्पादकांच्या स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या डॉक्टरसाहेबांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांचं सगळं आयुष्य या भागातल्या गोठ्यांत गेलं. आजच्या व्याख्यानाला धवलक्रांतीचा आढावा असा काहीसा विषय असावा, असं संयोजकांचं म्हणणं होतं. मी त्यांना विनंती करून एकच आजार मागून घेतला. गाय व्याली, वासरू उभं राहिलं, घरात आनंद झाला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कासेला हात लावू देईना. पुस्तकात या आजाराला कासदाह म्हणतात, आपण दगडी म्हणतो. या एका आजारावर तासभर बोलावं असं मला वाटतं, कारण आपल्या दूधधंद्याचं जे काही बरं आणि जे काही अपुरं आहे, ते सगळं या एका कासेपाशी येऊन उभं राहतं.

कास बाहेरून एक दिसते, पण आत तिचे चार स्वतंत्र कप्पे असतात. एका कप्प्यातलं दूध दुसऱ्यात जात नाही, म्हणूनच एक सड गेला तरी बाकीचे तीन चांगले राहू शकतात. प्रत्येक सडाच्या टोकाला सेंटीमीटरभर लांबीची बारीक नळी आणि तिच्याभोवती स्नायूचं कडं असतं. बाहेरची घाण आणि आतलं दूध यांच्यामध्ये दार म्हणावं ते एवढंच. धार काढताना ते उघडतं आणि धार संपल्यावर लगेच मिटत नाही. अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ ते सैल राहतं. गाय तेवढ्यात ओल्या शेणात बसली, की जंतूंना आयती वाट मिळते. म्हणून धार झाल्या झाल्या गव्हाणीत वैरण टाकावी, म्हणजे गाय खात उभी राहते. याला पैसा लागत नाही, फक्त वैरणीची वेळ बदलावी लागते. आपल्याकडे मात्र गाय शांत उभी राहावी म्हणून धारेच्या आधी पेंड ठेवायची सवय आहे. धार संपते तोवर पाटी रिकामी होते आणि गाय बसते. पेंड आधी द्या, हरकत नाही. हिरवा चारा मात्र नंतरसाठी राखून ठेवा.

मग हा आजार व्यायल्यावरच का उसळतो? विण्याच्या आधीचे पंधरा दिवस आणि नंतरचे दोन-तीन आठवडे गाईची प्रतिकारशक्ती सगळ्यात खाली असते. पोटात वासराची जागा मोठी, त्यामुळे खाणं कमी. व्यायल्यावर दूध एकदम वाढतं, पण भूक त्या वेगानं वाढत नाही. मग ती अंगातलं झिजवून दूध देते. रक्तातलं कॅल्शियम चिकात ओतलं जातं. कॅल्शियम घसरलं की स्नायू ढिले पडतात आणि सडाच्या टोकाचं ते कडंही ढिलं पडतं. दुग्धज्वरानं बसलेल्या गाईला मागोमाग दगडी होते ती याच वाटेनं. त्यात जार अडकला असेल आणि घाण कासेवर ओघळत असेल, तर पुढचं सांगायला नको.

याच काळात आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडते. व्यायल्यावरचे पहिले काही दिवस दूध डेअरीला जात नाही. चीक वासराला द्यायचा, थोडा खरवसाला, शेजारी वाटायचा. म्हणजे ज्या दिवसांत दुधावर सगळ्यात जास्त डोळा हवा, त्याच दिवसांत ते कोणत्याही मापात पडत नाही. ते कोण बघतं? धार काढणारी बघते. बहुतेक घरांत ती घरची बाई असते. तिला पहिल्या धारेला कळतं की मागच्या डाव्या सडाचं दूध जरा पातळ आहे, कास त्या बाजूला गरम आहे, गाय पाय उचलते आहे. मी नोकरीला लागले तेव्हापासून पाहते आहे, दगडीचं पहिलं निदान डॉक्टर करत नाही, ती करते. पण डॉक्टरला फोन करायचा की नाही, हे ठरवणारा माणूस त्या वेळी गोठ्यात नसतो. तो डेअरीवर असतो, रानात असतो, तालुक्याला गेलेला असतो. संध्याकाळपर्यंत थांबू, असं ठरतं. आणि या आजारात संध्याकाळ फार लांब असते.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. दगडीतून गाय बरी होते की नाही, हे बऱ्याच अंशी पहिल्या बारा तासांत ठरतं, आणि ते बारा तास धार काढणारीच्या हातात असतात. म्हणून ज्ञान आणि निर्णय, दोन्ही त्या हातापर्यंत पोचले पाहिजेत.

पहिल्या धारेपासून सुरू करू. प्रत्येक सडाच्या पहिल्या तीन-चार धारा एका वाटीवर काळं फडकं ताणून त्यावर काढा. गुठळ्या, तंतू, पिवळसर पाणी काळ्यावर लगेच उठून दिसतं. या धारा जमिनीवर सोडू नका. आपल्याकडे सर्रास सोडतात आणि तेच जंतू मग दावणभर फिरतात. पहिल्या वेताच्या गाईची कास व्यायच्या सुमारास सुजतेच. तिला घाबरायचं नाही. बोटानं दाबलं तर तिथे खळगा पडतो आणि हळूहळू भरतो, कातडी तापलेली नसते, दूध स्वच्छ असतं. ती सूज आपसूक ओसरते. दगडीची सूज निराळी असते. ती तापलेली, लाल, कडक असते, दाबलं की गाय लाथ मारते, आणि दुधाचा रंग-पोत बदललेला असतो. हा फरक हातालाच कळतो, सांगून नीट कळत नाही. पण एकदा एखाद्या बाईला दोन्ही कासांवर हात ठेवून दाखवलं, की ती पुन्हा फसत नाही.

दगडीचेही प्रकार आहेत, आणि इथे घाई कुठे करायची ते समजलं पाहिजे. एका प्रकारात कप्पा कडक होतो, दुधात गुठळ्या येतात, ताप येतो, पण गाय खाते, रवंथ करते. इथे तुमच्याकडे काही तासांची सवड असते. दुसरा प्रकार शेणातल्या ई. कोलाय जंतूंचा. त्यात दूध दूधच राहत नाही, ताकाच्या निवळीसारखं पिवळं पाणी येतं. गाय वैरणीला तोंड लावत नाही, डोळे आत जातात, आधी ताप चढतो आणि मग अंग गार पडायला लागतं. कान हातात धरून बघा. कान गार लागले, तर तो दवाखाना बंद असण्याचा किंवा पाहुणे येण्याचा प्रश्न नाही, त्या क्षणी फोन करायचा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे, तो गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. या गाईला कासेपेक्षा रक्तातलं विष मारतं. जंतू मरताना त्यांच्या अंगातून जे विष सुटतं, त्यानं ती कोसळते. तिला शिरेतून तीव्र मिठाचं सलाइन देतात, मागोमाग भरपूर पाणी पाजतात, सूज आणि वेदना कमी करणारं औषध देतात, कॅल्शियम बघतात. नुसतं अँटिबायोटिक टोचून निघून जाणं हा या गाईचा उपचार नाही, हे मी माझ्या तरुण सहकाऱ्यांनाही सांगत आले आहे.

डॉक्टर येईपर्यंत काय करायचं? आजारी कप्पा रिकामा करत राहायचं. दोन-तीन तासांनी, हलक्या हातानं, वासराच्या पाण्याच्या भांड्यापासून लांब. त्यानं जंतू आणि त्यांचं विष थोडंफार बाहेर पडतं, कासेवरचा ताण उतरतो. पण मी हेही स्पष्ट सांगते, की नुसतं पिळत राहिल्यानं दगडी बरी होते असं नाही. पिळणं औषधाच्या जोडीला आहे, बदल्यात नाही. कास तापलेली असेपर्यंत गार पाण्याचं फडकं लावा. शेक द्यायचा तो सूज उतरायला लागल्यावर. तापलेल्या कासेवर गरम विटेचा शेक देताना मी माणसं पाहिली आहेत. त्यांच्या मनात माया असते, पण गाय तिथे तळमळत असते.

दुखणाऱ्या कासेची गाय पान्हा सोडत नाही. पान्हा सोडवणारं संप्रेरक रक्तात पाच-सात मिनिटंच टिकतं, आणि भीती किंवा वेदना असली की ते कामच करत नाही. म्हणून दूध अडतं, आणि अडलेलं दूध आजार वाढवतं. अशा वेळी डॉक्टर मोजून ऑक्सिटोसिन देतात, ते उपचार म्हणून. पण बाजारात बिनलेबलच्या बाटलीतून ते रोज टोचणारे लोक आपल्या भागातही आहेत. दूध वाढवण्यासाठी जनावराला इंजेक्शन देणं हा प्राण्यांवरील क्रूरतेच्या कायद्याखाली गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, रोज सुई टोचल्याशिवाय पान्हा न सोडणारी गाय ही आपण स्वतः घडवलेली हतबल गाय आहे.

आता सडात सोडायच्या ट्यूबविषयी. ही ट्यूब बरीच घरं स्वतःच सोडतात, म्हणून जरा तपशिलात सांगते. आधी कप्पा पूर्ण रिकामा करायचा. हात साबणानं धुवायचे. सडाचं टोक स्पिरिटच्या कापसानं पुसायचं, कापूस काळा येत असेल तर नवा घेऊन पुन्हा पुसायचं. ट्यूबचं टोक नळीत अगदी थोडंच घालायचं, काही मिलिमीटर. पूर्ण खुपसलं तर नळीचं आतलं अस्तर खरवडतं आणि बाहेरची घाण आत ढकलली जाते. औषध सोडल्यावर सड चिमटीत धरून हलक्या हातानं वर चोळायचा. शेवटी सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायचा. ज्याचं पुसणं चुकलं, त्यानं औषधासोबत नवा जंतू आत घातला असं समजा. मी अशी कास पाहिली आहे. पहिला जंतू औषधाला दबला, आणि ट्यूबच्या टोकासोबत आत गेलेल्या दुसऱ्यानं सड घालवला.

डॉक्टरनं सांगितलेला कोर्स अर्धवट सोडू नका. दुसऱ्या दिवशी दूध पांढरं दिसलं की ट्यूब बंद करणारे खूप आहेत. काही जंतू, विशेषतः स्टॅफिलोकोकस, कासेच्या पेशींत लपून बसतात, बारीक गळवं करून राहतात. औषध थांबलं की पुन्हा वर येतात, आणि मागच्या वेळी चाललेलं औषध त्यांच्यावर चालेलच असं नाही. शक्य असेल तिथे अँटिबायोटिक देण्याआधी थोडं दूध निर्जंतुक बाटलीत घेऊन, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवावं, म्हणजे कोणतं औषध लागू पडेल ते कळतं. शिरवळच्या आणि परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांसारख्या ठिकाणी हे काम होतं. आपल्या तालुक्यापासून लांब आहे, मान्य आहे. पण ज्या गोठ्यात एकामागून एक गाई पडताहेत, तिथे हा प्रवास वाया जात नाही.

औषध चालू असताना आणि नंतर लेबलवर लिहिलेल्या मुदतीपर्यंत दूध डेअरीला घालायचं नाही. हा मुद्दा सांगताना मला नेहमी लोकांच्या चेहऱ्यावर हिशेब दिसतो, आणि तो हिशेब खोटा नाही. चार-पाच दिवसांचं दूध म्हणजे घराचा किराणा. तरीही सांगते. पेनिसिलिनचा अंश असलेल्या दुधाला विरजण नीट लागत नाही, कारण दही लावणारे जंतूच मरतात. उकळून तो अंश पूर्ण जात नाही. ते दूध कुणाच्या तरी लेकराच्या कपात जातं. वासरालाही ते देऊ नका. वासराला चीक द्यायचा तो बाकीच्या चांगल्या सडांचा, आणि तो व्यायल्यापासून पहिल्या तासाभरात.

वेदनाशामकांबद्दल एक बाजूची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आम्ही शिकत होतो तेव्हा आमच्या पेटीत डायक्लोफिनॅक सर्रास असायचं. दगडीच्या गाईला ते हमखास टोचायचं. ते औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे २००४ साली सिद्ध झालं. २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. तोवर आभाळातली गिधाडं जवळजवळ संपली होती. मेलॉक्सिकॅम हे त्याच कामाचं आणि गिधाडांना सुरक्षित औषध आहे. अजूनही कुणी माणसांच्या औषधांच्या दुकानातून डायक्लोफिनॅक आणून गाईला देत असेल, तर त्याला थांबवा.

आणि घरगुती उपाय? मला हा प्रश्न विचारताना लोक जरा बिचकतात, जणू डॉक्टरीणबाई रागावतील. मी रागावत नाही. तमिळनाडूचे प्रा. पुण्यमूर्ती यांनी पारंपरिक औषधांवर केलेल्या कामातून आलेला एक लेप राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळानं गावोगाव पोचवला आहे. पाव किलो कोरफड, ५० ग्रॅम हळद, १५ ग्रॅम चुना, एकत्र वाटायचं. चुन्यानं हळद लाल होते. कास धुऊन, पिळून, त्यातला थोडा लेप पाण्यात पातळ करून दिवसातून आठ-दहा वेळा लावायचा, असं पाच दिवस. सुरुवातीच्या, कप्प्यापुरत्या दगडीत याचा उपयोग मी पाहिला आहे, आणि दूध फेकावं लागत नाही हा त्याचा मोठा गुण. पण कान गार पडलेल्या गाईला लेप लावत बसू नका.

इथे थोडं मागे जाऊ. १८८०च्या दशकात फ्रान्समध्ये नोकार यांनी गाईंच्या या संसर्गी आजारातले साखळीसारखे जंतू वर्णन करून ठेवले. म्हणजे आजार एका कासेतून दुसऱ्या कासेत जातो, हे कळायला लागून शतकाहून अधिक काळ झाला. इंग्लंडमधल्या रेडिंगजवळच्या दुग्धसंशोधन संस्थेनं १९६०च्या दशकात त्यावर पाच कलमी कार्यक्रम तयार केला. प्रत्येक धारेनंतर सड जंतुनाशकात बुडवणं, गाय आटवताना प्रत्येक सडात औषध सोडणं, आजारी गाईचा उपचार करून नोंद ठेवणं, वर्षानुवर्षं बरी न होणारी गाय कळपातून काढणं, आणि दूध काढायचं यंत्र वेळच्या वेळी तपासणं. जगभरच्या गोठ्यांत दगडी आटोक्यात आली ती मुख्यतः यानं. आपल्याकडे मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला बाएफ ही संस्था उभी केली, आणि संकरित गाय महाराष्ट्राच्या घराघरात पोचली. त्या गाईनं कुटुंबं उभी राहिली, हे मी या सभागृहात बसलेल्या माणसांकडे बघूनच सांगू शकते. पण वीस लिटर दूध देणाऱ्या कासेला जे शिस्तीचं धारकाम लागतं, ते तिच्यासोबत घराघरात पोचलं नाही. वीर्यकांडी आली, सड बुडवायचा पेला आला नाही.

आणि धार अंगठा मुडपून काढायची सवय तर अजून तशीच आहे. अंगठ्याचं हाड सडावर घासतं, आतून इजा होते, त्या इजेत जंतू घर करतात. पूर्ण मूठ वळून धार काढावी. आखूड सडांच्या गाईला मूठ बसत नाही, हे मला ठाऊक आहे. तिथे दोन बोटांनी काढा, पण अंगठा मुडपू नका. निरोगी गाई आधी, आजारी गाय सगळ्यात शेवटी. कास पुसायचं फडकं प्रत्येक गाईला वेगळं. एकाच ओल्या फडक्यानं सगळी दावण पुसणं म्हणजे दगडी वाटत जाणं.

आटवण्याबद्दल दोन वाक्यं. विण्याच्या साधारण ६० दिवस आधी गाय आटवायची, आणि त्या दिवशी चारही सडांत आटवतेवेळी सोडायची ट्यूब डॉक्टरांच्या सल्ल्यानं सोडायची. नवे संसर्ग बरेचसे आटल्यावरच्या पहिल्या दिवसांत आणि विण्याच्या सुमारास शिरतात, पण ते दिसतात व्यायल्यावर. भाकड काळात जीवनसत्त्व ई आणि सेलेनियम असलेलं खनिज मिश्रण द्या. दूध देत नाही म्हणून भाकड गाईचा खुराक तोडणाऱ्या घरात पुढच्या वेताची दगडी आधीच येऊन बसलेली असते.

दिसत नसलेली दगडीही असते. कास ठीक, दूध पांढरं, पण आत पेशी वाढलेल्या. त्यात दुधातली साखर घटते, त्यामुळे फॅट सोडून दुधातल्या बाकीच्या घन पदार्थांचं प्रमाण, म्हणजे एसएनएफ, घसरतं. दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर ठरतो, त्यामुळे पहिला इशारा डेअरीच्या पावतीवर उमटतो. पावती कुणाच्या खिशात असते? आता तर ती मोबाइलवर येते, आणि तो मोबाइल धार काढणारीच्या हातात नसतो. सलग दोन-तीन दिवस एसएनएफ उतरलं, हे तिला कळलं तर ती त्याच संध्याकाळी प्रत्येक सडाचं दूध वेगळं तपासेल. कपडे धुवायच्या पावडरीचं पाणी आणि दूध सारख्या मापानं चार खळग्यांच्या थाळीत फिरवलं, की आजारी सडाचं दूध घट्ट, बुळबुळीत होतं. १९५७ साली कॅलिफोर्नियात निघालेल्या चाचणीचीच ही स्वस्त घरगुती बहीण.

म्हणून या तालुक्यातल्या डेअऱ्यांच्या संचालकांकडे माझी मागणी आहे. पावतीचा संदेश दोन क्रमांकांवर पाठवा, एक पुरुषाच्या आणि एक बाईच्या. सड बुडवायचे पेले आणि आयोडीनचं द्रावण पशुखाद्याच्या पोत्यासोबत उधारीवर द्या. प्रशिक्षण ठेवाल ते सकाळी अकरा ते दुपारी तीनच्या दरम्यान ठेवा, कारण त्याआधी आणि नंतर बाया गोठ्यात असतात. सकाळी दहाला हॉटेलच्या हॉलमध्ये ठेवलेल्या प्रशिक्षणाला कोण येतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. आणि डॉक्टरला फोन करायचा निर्णय घरातल्या बाईनं एकटीनं घेतला तर तिला विचारणा होणार नाही, हे घरातल्या पुरुषांनी आज इथून घरी जाऊन सांगावं. या भागात असं एकही घर मला माहीत नाही, जिथे बाईनं उगाच डॉक्टर बोलावला.

सभागृहाच्या मागे, डाव्या हाताच्या टेबलावर चार खळग्यांच्या थाळ्या, पावडरीचं पाणी आणि दोन गाईंचं दूध ठेवलं आहे, एक निरोगी आणि एक आजारी. व्याख्यान संपलं की मी तिथे उभी असेन. ज्या बहिणींना स्वतः फिरवून बघायचं आहे, त्यांनी आधी यावं. पुरुष मंडळींनी त्यांच्यामागे रांग लावावी.